पाणंदीवरून दिसणारा लिंब

औसा तालुक्यातल्या एका शिवारात, ज्वारीच्या रानाच्या मधोमध, एकच लिंब उभा आहे. कडुनिंबाला आमच्याकडे लिंबच म्हणतात, म्हणून इथेही मी तोच शब्द वापरणार आहे. बांधावर, विहिरीकाठी किंवा गोठ्याजवळ झाड असणे ही काळ्या रानातली नेहमीची गोष्ट आहे. परंतु चहूबाजूंनी पीक आणि त्याच्या बरोबर मध्यात एक मोठे झाड, हे दृश्य आता क्वचितच नजरेस पडते. राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असणाऱ्या जिल्ह्यांत लातूरची गणना होते. आमचे जंगल म्हणजे शिवारातली ही सुटी सुटी झाडेच होत, असे मी मानतो. या लिंबामागे मावळणारा सूर्य छायाचित्रात मनासारखा उतरायला मला तेरा महिने लागले. ते तेरा महिने कसे गेले आणि त्या काळात छायाचित्राबद्दलचे माझे मत कसे बदलले, ते सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

मागच्या नव्हे, त्याआधीच्या येळवशीला मी एका मित्राच्या शेतावर गेलो होतो. मार्गशीर्ष अमावस्येच्या या सणाला लातूर-धाराशिव भागातली गावे ओस पडतात आणि शिवारे भरून जातात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी, आंबील आणि उंड्यांची पंगत झाडाच्या सावलीत बसते आणि ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला जेवायचे आग्रहाचे बोलावणे असते. ती पंगत याच लिंबाखाली बसली होती. दिवस कलल्यावर आम्ही गावाकडे निघालो आणि पाणंदीवरून, म्हणजे शेतांमधल्या वाटेवरून, बरेच चालून आल्यावर मी सहज मागे वळून पाहिले. सूर्य लिंबाच्या डाव्या अंगाला, उघड्या रानावर टेकत होता. हात लांब धरून बोटांनी मोजले, तेव्हा दोहोंमध्ये तीन बोटांचे अंतर भरले. लांब धरलेल्या हाताची तीन बोटे म्हणजे आकाशातले सुमारे ५ अंश आणि सूर्यबिंब साधारण अर्ध्या अंशाचे. म्हणजे आणखी नऊ-दहा बिंबांइतका उजवीकडे सरकला की सूर्य नेमका लिंबामागे मावळणार होता. प्रश्न एवढाच होता की, कधी.

आपल्या अक्षांशावर मावळतीचे ठिकाण वर्षभरात नेमक्या पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश झुलत असते. जूनमध्ये ते उत्तरेच्या टोकाला जाते, डिसेंबरमध्ये दक्षिणेच्या. पंचांगाच्या संस्कारामुळे उत्तरायण संक्रांतीला लागते असे आपण म्हणतो. परंतु क्षितिजाकडे पाहणाऱ्याला सूर्य २१-२२ डिसेंबरलाच परत फिरलेला दिसतो. टोकाशी तो जणू थबकतो, आठवडाभर जागचा हलल्यासारखा वाटत नाही, आणि मग हळूहळू वेग घेतो. यावरून सरळ गोष्ट निघते ती अशी की, एका ठरावीक जागेवरून पाहिले तर वर्षात दोनच वेळा सूर्य त्या लिंबामागे मावळतो, एकदा दक्षिणेकडे जाताना आणि एकदा परत येताना. माझ्या जागेसाठी गणित केले तेव्हा या दोन तारखा १७ नोव्हेंबर आणि २५ जानेवारी अशा निघाल्या. डिसेंबरच्या अयनबिंदूपासून, म्हणजे सूर्य परत फिरतो त्या दिवसापासून, दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. याहून मला नवल वाटले ते घड्याळाचे. दोन्ही दिवशी सूर्य क्षितिजावर एकाच ठिकाणी बुडतो, परंतु नोव्हेंबरात पावणेसहाच्या सुमाराला आणि जानेवारीत सव्वासहाच्या सुमाराला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे मध्यान्हाची वेळच वर्षभरात मागेपुढे होत राहते. जानेवारीची वेळ ध्यानात धरून नोव्हेंबरात जाणारा माणूस अंधारातच पोहोचेल.

कुणी म्हणेल, तारखेचा एवढा घोळ कशाला? सूर्य झाडाच्या बाजूला असेल तर आपणच चार पावले सरकून तो झाडामागे आणावा. मोकळ्या माळावर हे सहज जमते. पिकाच्या रानात जमत नाही, कारण माणसाला उभे राहायला जागा असते ती फक्त पाणंदीत किंवा बांधावर. ही पाणंद गावाकडून लिंबाच्या दिशेने सुमारे ३०० मीटर सरळ जाते आणि मग उत्तरेला वळते. वळणाच्या पुढे आणखी १०० मीटर ज्वारी आणि तिच्यात लिंब. पाणंदीची रुंदी दहा-बारा फूट. त्या दिवसांत मावळतीचे ठिकाण रोज सुमारे पाव अंश सरकते, आणि ४०० मीटरवर पाव अंश म्हणजे सुमारे सहा फूट. म्हणजे ठरलेली तारीख एका दिवसाने हुकली तर पाणंदीच्या कडेला जाऊन उभे राहता येते. दोन दिवसांनी हुकली तर पाय दुसऱ्याच्या ज्वारीत पडतात. छायाचित्रासाठी उभे पीक तुडवणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा मनापासून राग येतो.

मग पाणंद सोडून थेट झाडाजवळच का जाऊ नये, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. याचे उत्तर १०८ या आकड्यात आहे. सूर्य आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या साधारण १०८ पट अंतरावर आहे. म्हणून झाडापासून आपण जितक्या अंतरावर असू त्याला १०८ ने भागले की सूर्य झाडाच्या मानाने केवढा दिसेल ते कळते. लिंबापासून ४० मीटरवर उभे राहिले तर सूर्य फांद्यांत अडकलेल्या परातीएवढा दिसतो. तोच ४०० मीटरवर गेल्यावर बारा फुटांचा होतो, आणि लिंबाचा घेर असतो तीस फुटांचा. झाड लांब गेल्यामुळे लहान होते, सूर्य मात्र आहे तेवढाच राहतो, आणि ४०० मिमीची लेन्स दोघांनाही सारखेच जवळ ओढते. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात सूर्य टिकलीएवढा येतो, यात मोबाइलचा दोष फारसा नाही. बहुतेक वेळा आपण झाडाच्या फार जवळ उभे असतो आणि लेन्स रुंद कोनाची असते.

इतके सगळे कागदावर मांडून मी पहिल्या जानेवारीत गेलो आणि तरीही चुकलो. सूर्य लिंबाच्या शेंड्यापाशी आला तेव्हा तो बुंध्याच्या अगदी रेषेत होता, म्हणून मी ट्रायपॉड तिथेच रोवला. परंतु आपल्याकडे सूर्य सरळ खाली उतरत नाही, तो उजवीकडे कलत उतरतो. तीन अंश खाली येताना तो एक अंश उत्तरेकडे सरकतो. शेंड्यापासून जमिनीपर्यंतच्या जेमतेम सहा मिनिटांत बिंब जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतके उजवीकडे गेले आणि मला हवे होते त्या जागेच्या पलीकडे ज्वारीत बुडाले. ट्रायपॉड उचलून धावलो, पण पुन्हा रोखून धरेपर्यंत उरली होती ती तांबडी कोर. फार हिरमोड झाला. तेव्हापासून मी मावळतीचा अंदाज झाडाच्या शेंड्यावरून बांधत नाही, सूर्य जिथे बुडणार तिथून उलटा बांधतो.

त्याच संध्याकाळी आप्पा भेटले. आप्पा म्हणजे माझ्या मित्राचे चुलते. शेत त्यांचे आहे. पाखरे राखायला ते दिवसभर मचाणावर असतात आणि अंधार पडल्यावर पाणंदीनेच घरी परततात. "काय करलालाव एवढ्या वकताला?" त्यांनी विचारले. मी सांगितले आणि बोलता बोलता विचारले की, आप्पा, हा लिंब असा रानाच्या मधोमध कसा काय?

"मधोमध कुठं? खळ्यावर हाय की त्यो," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बांधाबांधाने लिंबापर्यंत नेले. लिंबाच्या उत्तरेला पूर्वी त्यांच्या तीन भावांचे सामाईक खळे, म्हणजे कणसांची मळणी करायची जागा, होते. दरवर्षी सुगीला जमीन खणून, पाणी मारून, चोपून, शेणाने सारवून ते तयार केले जाई. मधोमध मेढ, म्हणजे खांब, रोवून तिच्याभोवती कणसांवरून बैलांची पात फिरे, आणि वारा सुटला की उफणणी होई. लिंब होता तो बैलांच्या सावलीसाठी आणि माणसांच्या भाकरीसाठी, खळ्याच्या काठावर. पुढे मळणी यंत्र आले. एका दुपारीत सगळी ज्वारी पोत्यांत जाऊ लागल्यावर खळ्याची जागा अडवून ठेवण्यात अर्थ उरला नाही. नांगर फिरला, खळे गेले, लिंब राहिला. आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे त्या जागेवरची ज्वारी अजूनही टीचभर बुटकी राहते. बुंध्याला मी जवळून पाहिले. गुडघ्यापासून कमरेपर्यंतचा एका बाजूचा भाग घासून घासून गुळगुळीत झालेला आहे, त्यावर तेलकट झाक आहे, आणि सालीच्या भेगांत पांढरे राठ केस अडकलेले आहेत. अंग खाजवायला बैल अजूनही तिथेच जातात. वर, माणसाच्या डोक्याच्या दुप्पट उंचीवर, उत्तरेकडे गेलेली एक आडवी जाड फांदी आहे आणि तिच्या मुळाशी सालीत वळ उमटलेला आहे.

तो वळ दोराचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, अशीच घरे सगळीकडे होती. औसा आणि उमरगा तालुक्यांत ती झोपलेल्या माणसांवर कोसळली. आप्पांचे गाव थोडे लांब असल्याने घर पडले नाही, परंतु भिंती उभ्या तडकल्या आणि पुन्हा त्या छताखाली झोपायची कुणाची छाती झाली नाही. त्या दिवसांत पाऊसही लागला होता. तिन्ही भावांची कुटुंबे खळ्यावर आली, फांदीवरून दोर टाकून ताडपत्री ताणली आणि दिवाळीपर्यंत तिथेच राहिली. "माझी धाकटी त्या फांदीखाली झाली," आप्पा म्हणाले, आणि लगेच बैलांना खरारा करायला वळले.

२०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा शिवारातली पुष्कळ झाडे विकली गेली, काही वाळली. लाकडाचा व्यापारी आप्पांकडेही दोनदा आला. पैशाची गरज होतीच. वास्तविक या झाडामुळे दरवर्षी त्यांचे गुंठा-दीड गुंठा पीक जाते, कारण सावलीत ज्वारी धरत नाही. शिवाय पाखरे याच झाडावर बसून कणसांवर उतरतात. तरीही त्यांनी ते दिले नाही. उघड्या रानात एकटे उभे असलेले प्रत्येक झाड असेच कुणीतरी न तोडल्यामुळे उभे असते, आणि ते न तोडण्याची किंमतही त्या माणसाने दर हंगामात मोजलेली असते.

हे ऐकल्यावर माझ्या मनातले छायाचित्र बदलले. आधी मला काळेभोर झाड, मागे मोठे लाल बिंब आणि बाकी रिकामे आकाश असे हवे होते. असे शेकडो फोटो आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत आणि त्यांतले झाड हमखास एकाकी दिसते. या लिंबाला एकाकी दाखवणे मला खोटे वाटू लागले. मला ती आडवी फांदी हवी होती, बिंबाच्या बरोबर मधून गेलेली, आणि खाली खळ्याच्या जागेवरची ज्वारी हवी होती, काळी नव्हे, कणसे ओळखू येतील इतकी उजळ. पाणंदीतून पाहताना ज्वारी आठेक फुटांपर्यंत सगळे झाकते आणि फांदी त्याच्यावर सहा फूट आहे. बारा फुटांचे बिंब कणसांवर टेकले की त्याचा मध्य बरोबर फांदीवर येतो. हे गणित जुळले तेव्हा मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

नोव्हेंबरची तारीख ढगांनी खाल्ली. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखे काही नाही. चार दिवस मळभ होते आणि ज्वारीही तेव्हा गुडघ्याएवढीच होती.

यंदाच्या जानेवारीत मात्र मी चार वाजताच पाणंदीत जाऊन उभा राहिलो. हवा कोरडी, आकाश निरभ्र, पश्चिमेला धुळीचा पट्टा. या पट्ट्याचे दोन परिणाम होतात. क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो, त्यात निळा रंग विखरून जातो आणि तांबडा उरतो. धूळ त्या प्रकाशाला आणखी मंद करते. हे मंद होणे मला हवे होते, कारण बिंब झगझगीत असेल तर त्याच्यासाठी प्रकाश कमी करताच खालची ज्वारी काळी पडते. परंतु धूळ जरा जास्त झाली तर सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच विरघळून जातो, आणि हिवाळ्यात असे वरचेवर होते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा तोल, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा ही लाली म्हणजे चूक समजून पुसून टाकतो, म्हणून तो मी डेलाइटवर ठेवला. फोकस आधीच फांदीवर लावून कुलूपबंद केला. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो: लांब पल्ल्याच्या लेन्समधून, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सूर्याकडे कधीही पाहू नका, तो कितीही मंद वाटत असला तरी. मागच्या स्क्रीनवरच पाहावे.

पावणेसहाला शेजारच्या रानात कुणीतरी हुरड्याची आगटी पेटवली. गोवऱ्यांचा धूर उठला आणि आडवा पसरत लिंबाकडे निघाला. माझ्या पोटात गोळा आला. परंतु थंडीच्या दिवसांत सूर्य कलला की जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा जड होते आणि धूर वर न चढता एका पातळीवर अंथरुणासारखा पसरून राहतो. तो कणसांच्या जरा वर, फांदीच्या खाली थांबला. खळ्याच्या जागेवर, जमिनीपासून दहा-बारा फुटांवर, लालसर धुराची एक चादर ताणली गेली. दोराचा वळ ज्या फांदीवर आहे तिच्या खाली ताडपत्री कुठे असेल, हे मला तेव्हा डोळ्यांनी दिसले.

सहा वाजून सहा मिनिटांनी बिंब शेंड्याच्या डावीकडून झाडात शिरले. लिंबाची पानगळ अजून व्हायची होती, तरी पाला विरळ झाला होता, त्यामुळे आतून ठिकठिकाणी प्रकाशाचे तुकडे चमकत होते. फांदीच्या टोकाला एक कोतवाल पक्षी येऊन बसला. त्याची दुभंगलेली शेपटी बिंबावर स्वच्छ उमटली, आणि पाहता पाहता तो उडूनही गेला. छिद्र एफ ८, आयएसओ १०० आणि शटर १/५०० पासून सुरू करून मी प्रत्येक वेळी थोडा थोडा प्रकाश वाढवत गेलो. बिंबाची खालची कड कणसांना टेकली तेव्हा ते वरून-खालून चेपल्यासारखे दिसू लागले. वातावरण क्षितिजाजवळचा प्रकाश वाकवते आणि बिंबाचा खालचा भाग वरच्या भागापेक्षा जास्त उचलते, म्हणून हा आकार येतो. फांदी त्याच्या मध्यातून आरपार गेली होती. ही जुळणी पाऊण मिनिट टिकली असेल. नंतर बिंब उजवीकडे कलत ज्वारीत उतरले, आणि मी मागे वळून पूर्वेला पाहिले तर गावाच्या वर पृथ्वीची स्वतःची सावली, एक निळसर करडा पट्टा आणि त्याच्या माथ्यावर गुलाबी कड, हळूहळू वर चढत होती. तिचे छायाचित्र काढायचे भान मला राहिले नाही.

त्या पाऊण मिनिटातल्या सात छायाचित्रांपैकी एक मी ठेवले आहे. त्यात बिंब किंचित जास्त उजळ आहे, जाणकार कदाचित नावे ठेवतील. परंतु त्यातच कणसे वेगवेगळी दिसतात.

मोठा प्रिंट काढून मी आप्पांकडे नेला. त्यांनी तो उंबऱ्यात उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला, मग ज्वारीवर बोट टेकवून सावकाश एक गोल फिरवला. "हितनं हितवर खळं हुतं," ते आतल्या माणसांना म्हणाले. सूर्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. प्रिंट आता त्यांच्या घरात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी आहे.

फेब्रुवारीत पाणंदीच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी सुरू हंगामाचा ऊस लावला आहे. नोव्हेंबरपर्यंत तो दहा फुटांचा होईल आणि पाणंद म्हणजे दोन भिंतींमधली बोळ होऊन जाईल. शिवाय उसाचा पाला पाणंदीवर वाकतो. फांदी आणि शेंडा त्यातून किती दिसतील, हे मला १७ नोव्हेंबरला तिथे उभे राहिल्यावरच कळेल. ट्रायपॉड मात्र या वेळी उंच पायांचा घेतला आहे.